परदेशात गरीब कुटुंबांसोबत स्वयंसेवक म्हणून काम: एटीडी फोर्थ वर्ल्डची पद्धत आणि जाण्याआधी माहीत असाव्यात अशा गोष्टी

समाजकार्याचे शिक्षण घेणारे आणि वस्तीपातळीवर काम करणारे अनेक तरुण विचारतात, "परदेशात जाऊन गरीब कुटुंबांसाठी काम करायचे आहे, कुठे अर्ज करू?" इंटरनेटवर शोधले की उत्तरे भरपूर मिळतात. पैसे भरा, दोन आठवडे मुलांना शिकवा, फोटो काढा, प्रमाणपत्र घ्या. त्या दोन आठवड्यांत आपल्याला काय मिळणार हे जाहिरातीत लिहिलेले असते. ज्या कुटुंबाच्या दारात आपण जाणार, त्याचे पुढे काय होते, हे मात्र लिहिलेले नसते.

हा लेख त्या कुटुंबाच्या बाजूने हा विषय समजून घेण्यासाठी आहे. त्यासाठी 'एटीडी फोर्थ वर्ल्ड' या आंतरराष्ट्रीय चळवळीचे उदाहरण घेतले आहे. साठ वर्षांहून अधिक काळ तिचे स्वयंसेवक आपला देश सोडून अत्यंत गरीब कुटुंबांच्या शेजारी राहत आले आहेत. त्यांची पद्धत, तिच्यामागचा विचार, जाण्याचे मार्ग आणि धोके यांची माहिती पुढे दिली आहे.

एटीडी फोर्थ वर्ल्ड म्हणजे काय?

ही चळवळ १९५७ मध्ये फ्रान्समध्ये सुरू झाली. 'एटीडी' ही तिच्या मूळ फ्रेंच नावाची आद्याक्षरे आहेत. त्या नावाचा अर्थ होता 'प्रत्येक संकटग्रस्ताला मदत'. 'मदत' हा शब्द चळवळीच्या विचाराशी जुळेना, म्हणून आज त्याच अक्षरांचा अर्थ 'सन्मानाने, सगळे मिळून' असा सांगितला जातो. 'फोर्थ वर्ल्ड' म्हणजे चौथे जग. फ्रेंच राज्यक्रांतीच्या वेळी, १७८९ मध्ये, समाजाच्या तीन अधिकृत वर्गांत ज्यांना जागाच नव्हती अशा कंगालांना दुफुर्नी द व्हिलिएर याने 'चौथा वर्ग' म्हटले होते. त्यावरून हे नाव घेतले आहे. गरीब देशांतले आणि श्रीमंत देशांतले असे सगळेच अतिगरीब त्यात येतात.

चळवळीचे संस्थापक जोसेफ व्रेसिन्स्की कॅथलिक पाद्री होते. चळवळ मात्र कोणत्याही एका धर्माची नाही. कोणत्याही श्रद्धेची किंवा कोणतीही श्रद्धा नसलेली माणसे तिच्यात काम करतात.

सुरुवात: न्वाझी-ल-ग्रांची छावणी

व्रेसिन्स्की यांचा जन्म १९१७ मध्ये फ्रान्समधील आंझे या शहरात झाला. वडील पोलिश वंशाचे, आई स्पॅनिश. पहिले महायुद्ध चालू असल्याने परकीय म्हणून हे कुटुंब नजरकैदेत होते. पुढे घरात कमालीची गरिबी होती. पाच वर्षांचे असताना ते पहाटे मठातल्या प्रार्थनेच्या वेळी सेवेला जात. त्याचे थोडे पैसे आणि न्याहारी मिळे. दानशूर लोक घरी येत आणि मदतीबरोबर आईला सल्लेही देत. ती मदत घेताना आईची मान कशी खाली जाते, हे त्या मुलाने पाहिले होते.

१४ जुलै १९५६ रोजी ते पॅरिसजवळच्या न्वाझी-ल-ग्रां येथील बेघरांच्या छावणीत पोहोचले. तिथे २५२ कुटुंबे राहत होती. मधोमध कापलेले पिंप पालथे घालावे तशा आकाराच्या, सिमेंटच्या पत्र्याच्या झोपड्या, चहूकडे चिखल, पाण्याचे मोजकेच नळ. कपडे आणि अन्न वाटायला लोक येत आणि वाटून निघून जात.

व्रेसिन्स्की यांनी फुकट सूप वाटणे बंद केले. ही गोष्ट तेव्हा अनेकांना आवडली नाही. भुकेल्या माणसाचे अन्न काढून घेणारा हा कसला पाद्री, असा प्रश्न साहजिक होता. त्यांनी त्याऐवजी कुटुंबांबरोबर वाचनालय उभे केले. लहान मुलांची बालवाडी, कपडे धुण्याची जागा आणि बायकांसाठी केशभूषेची खोली सुरू केली. त्यांचे म्हणणे साधे होते. या माणसांना अन्न तर हवेच, पण रोज रांगेत उभे राहून ते हातात घेण्याने माणूस आतून मोडतो. त्यांना शिक्षण हवे, आरसा हवा, बसून बोलायला जागा हवी आणि आपले म्हणणे ऐकणारे कोणी हवे.

या छावणीत बाहेरून राहायला आलेली माणसे हेच पहिले स्वयंसेवक. ॲल्विन द व्होस व्हान स्टेनवाइक या नेदरलँड्सच्या राजनैतिक अधिकारी होत्या. त्यांनी परराष्ट्रसेवेतली नोकरी सोडून चळवळीत काम केले आणि गरिबीच्या अभ्यासाचे केंद्र उभारायला मदत केली. पुढे त्या आंतरराष्ट्रीय चळवळीच्या अध्यक्षही झाल्या. जनरल द गॉल यांची पुतणी जनेव्हिएव्ह द गॉल-अँथोनिओझ १९५८ मध्ये छावणीत आल्या. नाझींच्या राव्हेन्सब्रुक यातनातळातून वाचलेल्या या बाईंना तळावर पाहिलेलेच भाव इथल्या चेहऱ्यांवर दिसले. १९६४ ते १९९८ अशी चौतीस वर्षे त्या फ्रान्समधील शाखेच्या अध्यक्ष होत्या.

कुटुंब एकत्र राहणे हा मुद्दा का?

अतिगरीब कुटुंबाची सगळ्यात मोठी भीती कोणती, असे विचारले तर आपण 'उपासमार' म्हणू. युरोप-अमेरिकेतल्या गरीब आईबापांची भीती वेगळी आहे: सरकारी अधिकारी येतील आणि मूल घेऊन जातील. घर गळके आहे, वीज कापली आहे, मूल शाळेत गैरहजर आहे, अशा नोंदी जमत जातात. शेवटी मुलाला संस्थेत किंवा दुसऱ्या कुटुंबात ठेवले जाते. काही वेळा मुलाला खरोखरच धोका असतो आणि त्याला वाचवणे भागच असते. पण अनेकदा गरिबीलाच निष्काळजीपणा समजले जाते.

म्हणूनच ही कुटुंबे दार उघडत नाहीत. मदत मागितली तर अडचणीची नोंद होईल आणि मूल जाईल, हा त्यांचा हिशेब असतो. दारात येणारा स्वयंसेवकही त्यांना आधी अधिकाऱ्याच्याच बाजूचा वाटतो.

संयुक्त राष्ट्रांनी २००९ मध्ये मुलांच्या पर्यायी संगोपनाबाबत मार्गदर्शक तत्त्वे स्वीकारली. केवळ गरिबीच्या कारणाने मूल पालकांपासून तोडू नये, असे त्यात स्पष्ट म्हटले आहे. गरिबी दिसली तर कुटुंबाला आधार द्यायचा, हा त्याचा अर्थ. एटीडी हेच काम प्रत्यक्ष करते. न्वाझी-ल-ग्रांच्या त्याच जागेवर पुढे छावणी हटवून कुटुंबांसाठी घरांची वसाहत झाली. तिथे घर, मुलांचे शिक्षण आणि पालकांना साथ या गोष्टी एकत्र मिळतात. इंग्लंडमध्ये सरे परगण्यात 'फ्रिमहर्स्ट' हे कुटुंबघर आहे. ताणाखाली असलेली कुटुंबे तिथे काही दिवस एकत्र राहायला येतात. तिथे कोणी त्यांना पालकत्वाचे गुण देत नाही. सगळे मिळून स्वयंपाक करतात, खेळतात, बोलतात.

स्वयंसेवक नेमके काय करतात?

*रस्त्यावरचे वाचनालय.* १९६८ पासून ही पद्धत चालू आहे. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी स्वयंसेवक पुस्तके आणि रंग घेऊन वस्तीतल्या सगळ्यात दुर्लक्षित कोपऱ्यात जातात आणि सतरंजी अंथरून बसतात. पाऊस असो, भांडण झालेले असो, वार चुकत नाही. फुकट वस्तू वाटल्या जात नाहीत. मुले आधी येतात, मग आया उंबऱ्यातून पाहतात, कित्येक महिन्यांनी एखादा बाप येऊन दोन शब्द बोलतो. विश्वास बसायला एवढा वेळ लागतो. फिलिपिन्समध्ये मनिला नॉर्थ सिमेट्री या विशाल दफनभूमीत थडग्यांच्या मधोमध राहणाऱ्या कुटुंबांपर्यंत स्वयंसेवक असेच पोहोचले.

*मूल आणि घर यांच्यातला धागा.* बुर्किना फासो देशाची राजधानी वागादुगू येथे रस्त्यावर राहणाऱ्या मुलांकडे स्वयंसेवक रात्री पुस्तके घेऊन जात आणि दिव्याच्या खांबाखाली वाचत बसत. दिवसा 'शंभर कामांचे अंगण' या नावाच्या जागेत कारागीर मुलांना आपापले काम दाखवत. मुलांनी मनाची तयारी दाखवली की स्वयंसेवक त्यांच्याबरोबर दूरच्या गावी घरी जात. मुलगा रिकाम्या हाताने परतला तर घरच्यांची आणि त्याचीही मान खाली जाते. काही शिकून परतला तर त्याला गावात जागा मिळते. मुलाला रस्त्यावरून उचलून वसतिगृहात ठेवणे सोपे होते. त्यांनी अवघड मार्ग निवडला, कारण मुलाला घर होते.

*लोकविद्यापीठ.* १९७२ पासून पॅरिसमध्ये आणि नंतर इतरत्र 'चौथ्या जगाची लोकविद्यापीठे' भरतात. गरिबी भोगणारी माणसे आधी आपल्या भागात जमून विषयाची तयारी करतात. मग सगळे एकत्र येऊन पाहुण्यांसमोर बोलतात. तज्ज्ञ, अधिकारी किंवा लोकप्रतिनिधी ऐकायला बसतात.

*लिहून ठेवणे.* स्वयंसेवकाने दिवसभरात काय पाहिले, काय ऐकले आणि आपल्याला काय कळले नाही, हे लिहायचे असते. अहवालात आकडे भरण्यासाठी हे लिखाण नाही. ज्यांचा इतिहास कोणी लिहीत नाही त्यांचा इतिहास जपायचा, आणि आपल्या चुका आपल्यालाच दिसाव्यात, हा त्यामागचा हेतू आहे. हे लिखाण फ्रान्समधल्या बाये येथील व्रेसिन्स्की केंद्रात जतन केले जाते.

वस्तीतून कायद्यापर्यंत

शेजारी राहणे म्हणजे फक्त सोबत करणे, असा समज होऊ शकतो. चळवळीचा इतिहास तसे सांगत नाही. व्रेसिन्स्की १९७९ मध्ये फ्रान्सच्या आर्थिक आणि सामाजिक परिषदेचे सदस्य झाले. त्यांनी तयार केलेला अतिगरिबीवरचा अहवाल परिषदेने फेब्रुवारी १९८७ मध्ये स्वीकारला. अतिगरिबी हा मानवी हक्कांचा भंग आहे, ही त्याची मांडणी. १९८८ मध्ये फ्रान्सने किमान उत्पन्नाचा कायदा केला. जुलै १९९८ मध्ये सामाजिक बहिष्करणाविरुद्ध व्यापक कायदा झाला. त्यासाठी जनेव्हिएव्ह द गॉल-अँथोनिओझ यांनी संसदेत बाजू मांडली होती.

१७ ऑक्टोबर १९८७ रोजी पॅरिसच्या त्रोकादेरो चौकात सुमारे एक लाख लोक जमले. १९४८ मध्ये मानवी हक्कांचा जाहीरनामा ज्या इमारतीत मंजूर झाला, तिच्या समोरच ही जागा आहे. भूक, अज्ञान आणि हिंसेला बळी पडलेल्यांच्या स्मरणार्थ तिथे शिला बसवली गेली. पुढे १९९२ मध्ये संयुक्त राष्ट्रांनी १७ ऑक्टोबर हा दारिद्र्य निर्मूलनाचा आंतरराष्ट्रीय दिवस म्हणून जाहीर केला. आपल्याकडे शाळा-महाविद्यालयांत हा दिवस पाळला जातो, पण त्याची सुरुवात गरीब कुटुंबांच्या चळवळीतून झाली हे फार थोड्यांना माहीत असते.

गरिबी म्हणजे काय, हे कोण सांगणार?

२०१६ ते २०१९ या काळात एटीडी आणि ऑक्सफर्ड विद्यापीठाच्या संशोधकांनी बांगलादेश, बोलिव्हिया, फ्रान्स, टांझानिया, ब्रिटन आणि अमेरिका या सहा देशांत एक अभ्यास केला. गरिबी भोगणारे, सेवाक्षेत्रात काम करणारे आणि अभ्यासक यांनी गरिबीची व्याख्या बरोबरीने बसून ठरवली. त्यातून गरिबीचे नऊ पैलू पुढे आले.

यांपैकी तीन आपल्या ओळखीचे आहेत: सन्मानाच्या कामाचा अभाव, अपुरे आणि बेभरवशाचे उत्पन्न, आणि वस्तू व सामाजिक सोयींची कमतरता. दुसरे तीन माणसामाणसांतल्या नात्याचे आहेत: समाजाकडून होणारा अपमान, सरकारी व इतर संस्थांकडून मिळणारी वाईट वागणूक, आणि गरिबांच्या योगदानाची दखल न घेणे. उरलेले तीन गाभ्याचे आहेत: स्वतःच्या आयुष्यावर ताबा नसणे, शरीर-मनाचे दुःख, आणि त्याविरुद्धची रोजची झुंज.

परदेशी जाणाऱ्याने ही यादी पाठ करावी. वस्तू वाटणारा स्वयंसेवक यातल्या एखाद्या पैलूला हात घालतो, आणि वाटण्याची पद्धत चुकली तर अपमान आणि ताबा नसणे या दोन पैलूंत भर घालतो.

कोण जाऊ शकते?

एटीडीच्या पूर्णवेळ स्वयंसेवकांची संख्या चारशेच्या आसपास आहे आणि ते सुमारे तीस देशांत काम करतात. विशिष्ट पदवीची अट नसते. आधी चळवळीच्या एखाद्या राष्ट्रीय गटाशी संपर्क, मग काही महिन्यांचा ओळखीचा काळ, आणि त्यानंतर दोन्ही बाजूंनी निर्णय, असा साधारण क्रम असतो. कुठल्या देशात जायचे हे एकट्या स्वयंसेवकाने ठरवायचे नसते. तिथली भाषा शिकावी लागते. पूर्णवेळ स्वयंसेवकांना साधे मानधन मिळते. नवा असो वा जुना, डॉक्टर असो वा सुतार, मानधनाचे तत्त्व सगळ्यांना एकच.

इथे आपल्या तरुणांचा खरा प्रश्न येतो. घरातला पहिला पदवीधर, शिक्षणाचे कर्ज, आईवडिलांचे औषध, धाकट्या बहिणीची फी. असा तरुण तुटपुंज्या मानधनावर तीन-चार वर्षे परदेशात कसा राहील? याचे सोपे उत्तर नाही. परदेशी स्वयंसेवा बहुतेक वेळा खात्यापित्या घरातल्यांनाच परवडते, हे मान्यच करावे लागेल.

पण या चळवळीत पूर्णवेळ स्वयंसेवक हा एकच प्रकार नाही. आपली नोकरी सांभाळून साथ देणारे 'सहयोगी' आहेत. स्वतः गरिबी भोगलेले आणि आपल्यासारख्यांसाठी उभे राहणारे 'कार्यकर्ते' आहेत. या तिसऱ्या गटाशिवाय चळवळ चालूच शकत नाही, कारण मूळ ज्ञान त्यांच्याकडे आहे. रेशनच्या रांगेत उभा राहिलेला, फी माफीच्या अर्जासाठी चार टेबले फिरलेला मुलगा त्या ज्ञानाचा धनी आहे. परदेशी गेला तर ते बरोबर नेतो. न गेला तर ते वाया जात नाही.

इतर मार्ग

संयुक्त राष्ट्रांचा स्वयंसेवक कार्यक्रम, म्हणजे यूएनव्ही, याचे मुख्यालय जर्मनीतील बॉन येथे आहे. भारतीय नागरिक त्यासाठी अर्ज करू शकतात. नोंदणी ऑनलाइन होते, निवड झालेल्यास निर्वाहभत्ता मिळतो आणि अर्जाच्या कोणत्याही टप्प्यावर शुल्क घेतले जात नाही. कोणी यूएनव्हीच्या नावाने पैसे मागितले तर ती फसवणूक समजावी. अमेरिकेची 'पीस कोअर' ही १९६१ मध्ये स्थापन झालेली संस्था प्रसिद्ध आहे, पण तिच्यात फक्त अमेरिकी नागरिकांना जाता येते.

पर्यटन व्हिसावर जाऊन स्वयंसेवा करू नये. बऱ्याच देशांत बिनपगारी कामही काम समजले जाते. पकडले गेल्यास परत पाठवणी होते आणि पुढचे व्हिसाही अडकतात. कोणता व्हिसा लागेल हे त्या देशाच्या वकिलातीकडून स्वतः विचारून घ्यावे.

अनाथालयांपासून सावध

परदेशी स्वयंसेवकांना सगळ्यात जास्त खेचणारी जागा म्हणजे अनाथालय. युनिसेफच्या पाठिंब्याने कंबोडियात झालेल्या आणि २०११ मध्ये प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात दिसले की अशा संस्थांतल्या दर चार मुलांपैकी सुमारे तिघांचे आई किंवा वडील, निदान एक तरी, हयात होते. शिक्षण आणि जेवण मिळेल या आशेने गरीब पालकांनी मुले तिथे सोडली होती. परदेशी पाहुण्यांचे पैसे येत राहिले की संस्था चालवणाऱ्याला आणखी मुले हवी असतात. दर पंधरा दिवसांनी नवा 'दादा' किंवा 'ताई' येते, लळा लावते आणि निघून जाते.

ऑस्ट्रेलियाच्या संसदेत २०१८ मध्ये आधुनिक गुलामगिरीविरोधी कायदा होताना या व्यापाराची दखल घेतली गेली. डिसेंबर २०१९ मध्ये संयुक्त राष्ट्रांच्या आमसभेनेही अनाथालयांतल्या स्वयंसेवेबद्दल आणि पर्यटनाबद्दल चिंता व्यक्त केली. ज्या पैशात मूल घरी राहू शकले असते, तोच पैसा मुलाला घरापासून तोडतो. कुटुंबाला आधार द्यायला निघालेल्या माणसाने यात भागीदार होऊ नये.

अर्ज करण्याआधी संस्थेला विचारायचे प्रश्न

१. ज्या कुटुंबांसाठी काम आहे, त्यांच्यापैकी कोणी निर्णय घेणाऱ्या बैठकीत असते का?

२. तुमचे काम मुलाला घराजवळ आणते की घरापासून दूर नेते?

३. माझ्याकडून शुल्क घेत असाल तर त्यातले किती वस्तीत पोहोचते?

४. मी करणार असलेले काम स्थानिक माणूस मजुरी घेऊन करू शकला असता का? मग ते मला का देता?

५. किमान किती काळ राहावे लागेल आणि भाषा शिकवण्याची सोय आहे का?

६. मुलांचे आणि घरांचे फोटो काढण्याबाबत तुमचा नियम काय?

७. मी गेल्यानंतर हे काम कोण पुढे नेणार?

८. मुलांबरोबर काम करणाऱ्यांची पार्श्वभूमी तुम्ही तपासता का?

पहिल्या दोन प्रश्नांची सरळ उत्तरे मिळाली नाहीत, तर पुढचे विचारायची गरज नाही.

शेवटी

या पद्धतीला मर्यादा आहेत. ती सावकाश चालते. एका कुटुंबाच्या दारात विश्वास कमवायला वर्ष लागते, आणि तेवढ्या वेळात एखादी मोठी संस्था हजार घरांत धान्य पोहोचवते. पूर आला, भूकंप झाला, तर धान्यच आधी हवे. पण पिढ्यानपिढ्या टिकलेली गरिबी पुरासारखी ओसरत नाही. तिथे कुटुंबाला स्वतःच्या आयुष्याबद्दल बोलण्याचा आणि ठरवण्याचा अधिकार परत मिळावा लागतो, आणि त्यासाठी कोणीतरी दीर्घकाळ शेजारी राहावे लागते.

हे शिकण्यासाठी विमानात बसण्याची वाट पाहायची गरज नाही. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी, आपल्याच शहरातल्या पुलाखाली सतरंजी घालून एक वर्ष बसून पाहावे. वार चुकू देऊ नये, काही वाटू नये, फोटो काढू नयेत. वर्षानंतरही परदेशी जावेसे वाटले, तर तेव्हा भरलेला अर्ज वेगळा असेल. आणि सतरंजीवरच्या मुलांनी पुढच्या आठवड्यात कोण येणार असे विचारले, तर त्याचे उत्तर तयार ठेवूनच निघावे.